तापटपणा रक्तातच असतो का?

प्रश्न : माझे सासरे तापट, नवराही तसाच. आता सात वर्षांचा मुलगा चिडला की हातातलं फेकतो. ‘बापावर गेलाय’ म्हणून घरचे हसून सोडून देतात. हे खरंच आनुवंशिक असतं का?

उत्तर : काही अंशी हो. तान्हेपणीच ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास थॉमस बूचर्ड यांनी १९७९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात सुरू केला. त्यातली एकबीज जुळी स्वभावाने बरीच मिळतीजुळती निघाली. माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकांत जनुकांचा वाटा साधारण ४० ते ५० टक्के मानला जातो. हा हिशेब मोठ्या समूहाचा आहे. मुलाचा निम्मा राग आजोबांकडून आला, असा त्याचा अर्थ नव्हे. (वर्तमानपत्रांत गाजणारं ‘रागाचं जनुक’ही विसरा; असंख्य जनुकं थोडाथोडा हातभार लावतात.)

वारशात येतो तो फार तर चटकन भडकण्याचा कल. आदळआपट मुलं बघूनही शिकतात. तेव्हा फेकलेलं शांत झाल्यावर त्यानेच उचलायचं, आणि हा नियम त्याच्या बाबांनाही लागू. ‘बापावर गेलाय’ हे त्याच्यादेखत म्हणणं मात्र आजपासून बंद करा.