अखेरचे वळण : ग्लायडरचे अपघात आणि पाठीचा कणा

बेल्लमपल्लीसारख्या कोळशाच्या गावातील डॉक्टरांच्या स्मरणिकेत ग्लायडरवरील लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. आपला संबंध जमिनीखालच्या जगाशी. तथापि खाणीत छताचा दगड वाकलेल्या पाठीवर कोसळला असता कण्याची जी दशा होते, तिच्याशी बरेच साम्य असलेली इजा ग्लायडर जमिनीवर आदळल्यावर वैमानिकास होते. शिवाय या अपघातांमागील मनोव्यापार शस्त्रक्रियागृहातही आढळतो. म्हणून हा विषय निवडला आहे.

ग्लायडर म्हणजे इंजिनाविना उडणारे विमान. विंचच्या तारेने अथवा दुसऱ्या विमानामागे बांधून ते वर नेतात. पुढे तापलेल्या हवेच्या वर चढणाऱ्या प्रवाहांवर ते तरंगत राहते. पुण्याजवळचे हडपसर हे महाराष्ट्रातील या विद्येचे जुने केंद्र. १९६१ साली प्रथम उडालेल्या ‘रोहिणी’ या भारतीय बनावटीच्या ग्लायडरमध्ये शिक्षक व विद्यार्थी शेजारी-शेजारी बसत, एन.सी.सी.तून गेलेल्या काही ज्येष्ठ वाचकांस ते आठवत असेल.

इंजिनाच्या विमानाची उतरण बिघडली तर वैमानिक शक्ती वाढवून पुन्हा वर जातो. ग्लायडरला ही सवलत नाही. हाती असलेली उंची हीच त्याची पुंजी. म्हणून उतरण ठरलेल्या चौकटीत करतात : प्रथम धावपट्टीला समांतर, वाऱ्याच्या दिशेने; मग काटकोनात वळून आडवी बाजू; आणि शेवटी वाऱ्याला सामोरे जात धावपट्टीच्या रेषेत. उंची जास्त वाटली तर पंखांवरील एअरब्रेक उघडून ती खर्च करता येते. कमी पडलेली उंची मात्र कोठूनही आणता येत नाही.

घात होतो तो बहुधा आडव्या बाजूवरून अखेरच्या रेषेत येतानाच्या वळणात. पाठीमागून वारा लागला तर ग्लायडर रेषा ओलांडून पुढे जाते. जमीन जवळ असल्याने वैमानिकास पंख अधिक कलवण्याची भीती वाटते. म्हणून तो पायाने रडर दाबून नाक वळवू पाहतो. नाक खाली जाते, तेव्हा काठी मागे ओढतो. कल वाढू लागतो, तेव्हा काठी उलट बाजूस नेतो. या तिन्ही हालचाली एकेकट्या स्वाभाविकच वाटतात. पण एकत्र आल्या की वळणाच्या आतील बाजूचा, आधीच मंद गतीचा पंख उचलशक्ती गमावतो. यालाच स्टॉल म्हणतात. मग ग्लायडर त्या पंखावर कोसळून गिरकी घेते. वळणात स्टॉलचा वेगही वाढलेला असतो : ४५ अंश कलल्यास सुमारे १९ टक्क्यांनी, ६० अंशांस ४१ टक्क्यांनी. शंभर मीटरांच्या आत सुरू झालेली गिरकी सावरण्यास पुरेशी उंची सहसा उरत नाही.

यात दृष्टिभ्रमाची भर पडते. मागून वारा असताना खालची जमीन वेगाने सरकते, आणि हवेतील वेग प्रत्यक्षात कमी असूनही तो पुरेसा आहे असे वाटते. वेगमापक समोर असतो. नजर मात्र धावपट्टीवर खिळलेली असते.

ऑटो लिलिएन्थाल हा आद्य ग्लायडरवीर. त्याने दोन हजारांहून अधिक उड्डाणे केली होती. ९ ऑगस्ट १८९६ रोजी जर्मनीत सुमारे १५ मीटर उंचीवर त्याचे ग्लायडर स्टॉल होऊन कोसळले, मानेचा कणा मोडला आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्याचा अंत झाला. तो उतरत नव्हता, हे खरे; पण सावरण्याजोगी उंची त्याच्याहीपाशी नव्हती. अनुभव त्याला कमी होता असे कोण म्हणेल?

नजर एका ठिकाणी खिळणे आपल्यालाही अपरिचित नाही. इंग्लंडमध्ये २००५ साली एलेन ब्रॉमिली या तरुण मातेस नाकाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिली असता श्वसनमार्ग मिळेना. अनुभवी डॉक्टर नळी घालण्याचेच प्रयत्न करीत राहिले. गळ्यातून मार्ग करण्याची वेळ टळून गेली. काही दिवसांनी ती दगावली. तिचे पती मार्टिन हे विमानाचे वैमानिक. त्यांनी पुढे २००७ मध्ये वैद्यकातील मानवी चुकांच्या अभ्यासासाठी एक गट स्थापन केला. वैमानिक वळण चुकले असता कमी कलाने, पुरेशा वेगाने, धावपट्टी सोडून समोरच्या शेतात उतरू शकतो. बाजूच्या शेतात ग्लायडर मोडण्याची लाज त्याला आड येते. रुग्ण वेळेवर वरच्या रुग्णालयात पाठविताना आपल्या मनात येणारी लाज याहून फार वेगळी नाही.

आता इजेकडे. आधुनिक ग्लायडरमध्ये वैमानिक जवळजवळ पहुडलेला, पाय नाकाशी ताणलेले. आदळण्याचा जोर बैठकीतून वर चढतो आणि पाठ व कंबर यांच्या सांध्यावरील मणके, विशेषतः बारावा वक्षीय व पहिला कटिमणका, दबतात किंवा फुटतात. टाच व घोटाही मोडतो. टाच मोडलेल्या रुग्णाचा कणा तपासावा, हा आपला नियम येथे तंतोतंत लागू आहे. मऊ स्पंजची गादी मात्र घातक. ती आधी दबते, वैमानिक तेवढा खाली जातो आणि कठीण तळावर अधिक जोराने आदळतो. हळूहळू दबणारा, ऊर्जा शोषणारा फोम त्यासाठी वापरावा लागतो.

अपघातस्थळी जमलेली माणसे जखमीस बगलेत हात घालून ओढून काढतात. आग वा दुसरा तातडीचा धोका नसेल तर तसे करू देऊ नये. शुद्ध आणि श्वास पाहावा, एकाने डोके सरळ रेषेत धरून ठेवावे, दुसऱ्याने पायांची हालचाल व संवेदना तपासून नोंदवावी. वैमानिकाच्या पाठीला हवाई छत्री बांधलेली असते. आसनाचे पट्टे आणि छत्रीचे पट्टे वेगवेगळे असतात, तेव्हा दोन्ही सोडवून अथवा कापून, कठीण फळी पाठीमागून सरकवावी आणि मगच त्यास उचलावे.