द्वारपाल आणि साक्षी

ओंगळ संकेतस्थळे आवरणाऱ्या यंत्रणेत द्वारपाल निराळा, साक्षी निराळा. द्वारपाल यादी पाहून अडवतो. पण यादीचे बळ केवढे? २०१५ च्या ऑगस्टात केंद्र सरकारची ८५७ स्थळांची बंदी ओरड होताच थोड्याच दिवसांत सैल झाली! साक्षी अडवीत नाही. काय पाहिले ते विश्वासाच्या माणसास कळवतो. तो माणूस ज्याचा त्याने निवडावा. यंत्रणा कोणी काढून टाकली, तर तेही त्यास कळावे. चोरून पाळत ठेवील तो साक्षी नव्हे, हेर. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ साली सायंकाळी ७ ला भोंगा वाजू लागला. दीड तास मोबाईल, टीव्ही बंद. लेकराचा आणि बापाचाही! तेव्हा नाशिककर बाप हो, यंत्रणा आधी आपल्या फोनात बसवा, अहवाल घरधनिणीकडे जाऊ द्या.