'गेट'ला हाकलू नकोस

चि. सोनूस,


तुझ्या अर्जाचा मसुदा वाचला. मजकूर मनापासून लिहिला आहेस, आजीच्या आजारपणाचा परिच्छेद वाचताना तर मी मध्येच थांबले. पण इंग्रजी वाचताना अडखळायला झालं. अख्ख्या दोन पानांत 'गेट' हे क्रियापद एकदाही नाही. शिकवणीत सांगितलं म्हणे, की हा ढिसाळ शब्द आहे, परदेशी विद्यापीठाला लिहिताना तो दिसता कामा नये. मग तू समानार्थी शब्दांची यादी उघडलीस आणि जिथे 'गेट' होता तिथे 'ऑब्टेन', 'रिसीव्ह', 'अक्वायर', 'प्रोक्युअर' बसवत गेलीस. त्यामुळे आजी 'ऑब्टेन्ड बेटर' झाली आणि दादाने नोकरी 'प्रोक्युअर' केली. हे दुरुस्त करायला हवं, आणि का करायचं तेही तुला कळायला हवं.

'गेट' हा शब्द इंग्रजीत उत्तरेकडून आला. नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात येऊन वसले, त्यांच्या बोलीतला हा शब्द. 'टेक', 'विंडो', 'एग', इतकंच काय 'दे' हे सर्वनामसुद्धा त्यांचंच. शेजारी राहून, व्यवहार करून, लग्नं जुळवून हे शब्द इंग्रजीच्या घरात रुळले. 'ऑब्टेन', 'रिसीव्ह', 'अक्वायर' यांची वाट वेगळी. ते फ्रेंच आणि लॅटिनमधून आले. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर कितीतरी पिढ्या दरबार आणि न्यायालयाचा कारभार फ्रेंच-लॅटिनमध्ये चालला. म्हणून त्या शब्दांना आजही कागदोपत्री वळण आहे. यात वरचा-खालचा असा प्रकार नाही. कामं वेगळी आहेत.

ती कामं नीट बघ. 'रिसीव्ह' म्हणजे दुसऱ्याने दिलं किंवा पाठवलं आणि आपल्यापर्यंत पोचलं: पत्र, पुरस्कार, तक्रार. 'ऑब्टेन' करायला खटपट लागते, बहुतेकदा रीतसर: परवानगी, सही, दाखला. 'अक्वायर' केलेली गोष्ट हळूहळू येते आणि आपल्यापाशी राहते: कौशल्य, सवय, जमीन, एखादी आवड. 'प्रोक्युअर'मध्ये पुरवठ्याचा, खरेदीचा वास आहे. सरकार हमीभावाने गहू-तांदूळ खरेदी करतं, तिथे तो अगदी चपखल. दादाच्या नोकरीला तो शोभत नाही. 'ही गॉट अ जॉब' यात काहीही उणं नाही.

आणि 'शी गॉट बेटर'मधला 'गेट' तर 'मिळणे' या अर्थाचा नाहीच. तिथे तो 'होणे' आहे. यादीतला 'ऑब्टेन' तिथे चालत नाही, कारण त्याच्यापुढे नाम यावं लागतं, विशेषण येत नाही. पर्याय हवाच असेल तर 'बिकम', 'ग्रो', 'टर्न', 'गो', 'फॉल' हे बघ, पण त्यांचेही सोबती ठरलेले असतात. दूध 'टर्न्स सॉर', पाव 'गोज स्टेल', माणूस 'फॉल्स इल'. आपणही दूध नासलं, भाकरी शिळी झाली, भाजी उतरली असंच म्हणतो. भाजी नासली म्हटलं तर अर्थ कळतो, पण बोलणारा परका वाटतो.

मराठीचाच आधार घे. 'लागणे' हे क्रियापद तू दिवसभर वापरतेस. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दिवा लागतो, दोन तास लागतात, जावं लागतं, मूल बोलू लागतं. यातला एकही 'लागणे' तुला खटकत नाही, आणि सगळीकडे एकच समानार्थी शब्द घाल म्हटलं तर तू हसशील. 'गेट' तसाच आहे. गंमत म्हणजे दोघं पुष्कळदा समोरासमोर येतात: नोकरी लागली तिथे 'गॉट अ जॉब', जावं लागेल तिथे 'हॅव गॉट टू गो'.

'गेट'पुढे छोटा शब्द जोडला की तो आणखीच खुलतो. 'गेट बाय' म्हणजे भागणं: एवढ्या पैशात भागतं. 'गेट अलाँग' म्हणजे पटणं. 'गेट ओव्हर' म्हणजे दुःखातून, आजारातून सावरणं. 'गेट अवे विथ'ला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे: केलेलं पचणं. हे जोड तू मराठीच्या अंगाने लक्षात ठेवलेस तर पाठ करावे लागणार नाहीत.

एक बारकावा तुझ्या मसुद्यासाठी महत्त्वाचा. 'ही वॉज प्रमोटेड' आणि 'ही गॉट प्रमोटेड', दोन्ही बरोबर. पहिलं वाक्य नोंद करतं, दुसऱ्यात त्या माणसाच्या वाट्याला काय आलं ते जाणवतं, आणि ते बोलण्यातलं आहे. म्हणून अर्जात नुसती माहिती देताना पहिलं वापर.

समानार्थी शब्दांचा कोश वाईट, असं मी म्हणत नाही. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरने 1805 साली स्वतःसाठी अशी यादी केली आणि 1852 मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, ती प्रसिद्ध केली. त्याने शब्द वर्णानुक्रमे न लावता कल्पनांप्रमाणे, हजार गटांत लावले. कल्पना मनात आहे, शब्द ओठावर येत नाही, अशा वेळी कामी यावं हा हेतू. अर्थ सांगणं हे अशा कोशाचं काम नव्हे. ओळखीचा शब्द आठवून देण्यासाठी तो उघडावा, अनोळखी शब्द उचलण्यासाठी नव्हे. अनोळखी शब्द सापडलाच तर ऑक्सफर्डचा कोलोकेशन्स कोश बघ. कुठला शब्द कुणाबरोबर येतो ते त्यात दिलेलं असतं.

पुनरुक्तीची भीतीही सोड. इंग्रजी शैलीवर लिहिणाऱ्या फाउलर बंधूंनी 1906 साली, केवळ तोच शब्द पुन्हा नको म्हणून दरवेळी नवा शब्द आणण्याच्या खोडीला 'एलिगंट व्हेरिएशन' असं नाव देऊन ठेवलं आणि तिच्यावर कडक टीका केली. वाचणाऱ्याला वाटतं शब्द बदलला म्हणजे गोष्टही बदलली. तुझ्या दुसऱ्या परिच्छेदात 'स्कूल'चं 'इन्स्टिट्यूशन', मग 'अकॅडमी' झालं आहे. मला त्या तीन शाळा वाटल्या.

तेव्हा आता एवढं कर. यादी मिटून ठेव, मसुदा मोठ्याने वाच आणि आजीचा परिच्छेद साध्या इंग्रजीत पुन्हा लिही. 'गेट' आला तर येऊ दे. रविवारपर्यंत पाठव, म्हणजे अर्जाच्या मुदतीआधी मला नीट बघता येईल.

तुझी,
मावशी