फ्लॅटमध्ये सरावासाठी अ‍ॅम्प्लिफायर किती वॉटचा?

प्रश्न : मुलीसाठी नुकतीच इलेक्ट्रिक गिटार घेतली. आम्ही दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो. दुकानदार ५० वॉटचा अ‍ॅम्प घ्या म्हणतो. घ्यावा का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घरच्या सरावाला ५ ते १० वॉट भरपूर झाले. वॉट दुप्पट केले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणजे ५ वॉटचा अ‍ॅम्पही शेजाऱ्यांना सहज ऐकू जातो.

माझ्या मते वॉटपेक्षा स्पीकरचा आकार आधी बघा. ३ इंची स्पीकरवर खालच्या जाड तारा पोकळ वाजतात आणि शिकणाऱ्याला वाटतं, आपलाच हात कच्चा आहे. ६ ते ८ इंची स्पीकर घ्या. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा खरा रंग आवाज चढवल्यावरच खुलतो, तेव्हा फ्लॅटसाठी तो नकोच. ट्रान्झिस्टरचा किंवा डिजिटल अ‍ॅम्प बरा. ५० वॉटचाच घ्यायचा असेल, तर बॉस कटाना ५० सारखा, वॉट कमी करण्याची सोय असलेला बघा. तो अर्ध्या वॉटवरही चालतो.

हेडफोनची जोडणी हवीच. गाण्यासोबत वाजवण्यासाठी मोबाइल जोडता आला तर उत्तम.

दुकानात मुलीला आणि तिची गिटार सोबत न्या. विक्रेता आवाज मोठा करून दाखवील, तुम्ही रात्री घरी ठेवाल तेवढाच ठेवायला सांगा. काही अ‍ॅम्पची बटणं जराशी फिरवताच आवाज एकदम उसळतो. असा अ‍ॅम्प घेऊ नका.