समुद्रफुलातले बिऱ्हाड

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला पापुआ न्यू गिनी नावाचा देश आहे. तिथला किनाऱ्याजवळचा समुद्र उबदार आहे आणि तळाशी पोवळ्यांचे खडक आहेत. त्या खडकांत एक छोटा मासा राहतो. रंग नारिंगी, अंगावर तीन पांढरे पट्टे, पट्ट्यांना काळी कड. सर्कशीतल्या विदूषकासारखा रंगीबेरंगी, म्हणून त्याला विदूषक मासा म्हणतात. त्याचा अगदी जवळचा भाऊबंद आपल्या अंदमानच्या समुद्रातही आहे.

हा मासा पोहण्यात कच्चा. मोठा मासा मागे लागला तर हा सापडलाच म्हणून समजा. मग जगतो कसा? घराच्या आधारावर.

त्याचे घर म्हणजे समुद्रफूल. नाव फुलाचे असले तरी ते झाड नव्हे, प्राणी आहे. तो खडकाला चिकटून बसतो आणि मऊ, लांब बोटे पाण्यात हलवीत राहतो. त्या बोटांत डोळ्यांना न दिसणारे विषारी काटे असतात. लहानसा मासा नुसता घासून गेला तरी लुळा पडतो, आणि समुद्रफूल त्याला गिळते. विदूषक मासा मात्र त्याच बोटांत खुशाल लोळतो. त्याच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, त्यामुळे काटे सुटत नाहीत. तरीसुद्धा नव्या घरी तो धाडकन शिरत नाही. आधी शेपूट लावून बघतो, मग पोट घासतो, आणि सवय झाली की आत जातो.

हा बिऱ्हाडकरू भाडेही देतो, बरं का! समुद्रफुलाच्या अंगात बारीक शेवाळ राहते. माशाची विष्ठा त्या शेवाळाला खत होते. शेवाळ उन्हावर वाढते आणि समुद्रफुलाला अन्न पुरवते. शिवाय समुद्रफुलाची बोटे कुरतडायला दुसरे मासे येतात, त्यांना हा हाकलून लावतो. बुडी मारून पाहायला आलेल्या माणसाच्या हातालाही चावतो. एवढासा जीव, पण घर कोणाला सोडीत नाही.

एका घरात दोन ते सहा मासे असतात. सर्वांत मोठी मादी. तीच घरची कर्ती. तिच्या खालोखाल तिचा नर. बाकीचे त्याहून लहान, एकापेक्षा एक कमी. त्यांना पिल्ले होत नाहीत. ते नुसते आपल्या पाळीची वाट पाहतात. मादी मेली म्हणजे काय होते? तिचा नर स्वतःच मादी बनतो! आणि खालच्यांतला सर्वांत मोठा नर होतो. कचेरीत वरची जागा रिकामी झाली की खालच्याला बढती मिळते ना, तसेच हे. फक्त इथे वशिला चालत नाही.

पण खालच्याने भराभर वाढून वरच्याची बरोबरी केली तर? तर वरचा त्याला घराबाहेर काढतो, आणि घराबाहेर मरण. म्हणून खालचा मासा आपली वाढच आवरून धरतो. पीटर बस्टन या शास्त्रज्ञाने हे याच देशातल्या मडांगच्या समुद्रात पाहिले आणि २००३ साली प्रसिद्ध केले.

मादी समुद्रफुलाच्या बुडाशी खडकावर अंडी घालते. राखण मुख्यतः बापाची. तो परांनी पाणी ढवळतो, खराब अंडी तोंडाने काढून टाकतो. आठवडाभराने, अंधार पडल्यावर, पिल्ले बाहेर पडतात आणि प्रवाहाबरोबर वाहून जातात. बहुतेक दुसऱ्यांच्या पोटात जातात. उरतात ती दहा-बारा दिवसांनी वासावरून एखादे समुद्रफूल शोधतात. तिथे जागा मिळाली तर शेवटचा नंबर.

आता या घरावरच संकट आले आहे. समुद्र फार तापला की समुद्रफुलातले शेवाळ निघून जाते. ते पांढरे पडते, उपाशी राहते, कधी मरतेही. २०२३ साली याच देशातल्या किंबे उपसागरात पाणी असेच तापले होते. तिथे शास्त्रज्ञांनी १३४ विदूषक माशांची लांबी दर महिन्याला मोजली. बरेचसे मासे चक्क आखूड झालेले आढळले! नुसते बारीक नव्हे, लांबीनेच कमी. आणि जे असे आखूड झाले, तेच उष्म्यात जास्त वाचले. नवरा-बायको दोघेही बरोबर आखूड झाले, तर त्यांचा टिकाव आणखी चांगला लागला.