उडती तबकडी

‘उडती तबकडी’ हे शब्द कानी पडताच परग्रहावरून आलेल्या एखाद्या गूढ यानाचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ज्या तबकडीविषयी येथे सांगावयाचे आहे, तिचे नाव आकाशातून आलेले नाही. ते अमेरिकेतील एका भटारखान्यातून आले आहे. कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट या शहरी विल्यम फ्रिस्बी नावाच्या गृहस्थाने १८७१ साली हा भटारखाना काढला. फळांचे गोड सारण भरून भाजलेला एक पदार्थ तेथे तयार होई. त्याला इंग्रजीत ‘पाय’ म्हणतात. आपल्या पायाशी त्याचा काहीएक संबंध नाही. हा पदार्थ पत्र्याच्या उथळ ताटलीत मिळे. तो खाऊन झाला, की रिकामी ताटली एकमेकांकडे भिरकावण्याचा नाद त्या भागातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लागला, आणि भटारखान्याच्या मालकाचे नाव पुढे त्या खेळण्याला चिकटले, असे सांगतात.

प्लॅस्टिकची तबकडी मात्र दुसऱ्याच माणसाने घडवली. वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन हा तरुण १९३८ साली कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावर केक भाजण्याची एक थाळी फेकून खेळत होता. पाच सेंटांत मिळणाऱ्या त्या थाळीला एका पाहणाऱ्याने पंचवीस सेंट देऊ केले. मॉरिसनच्या मनात व्यापाराचा विचार आला तो त्या क्षणी. पुढे महायुद्धात तो वैमानिक झाला, आणि परत आल्यावर १९४८ साली त्याने प्लॅस्टिकची तबकडी बाजारात आणली. त्या काळी परग्रहावरील यानांच्या वार्तांनी अमेरिकेत मोठी खळबळ उडवून दिली होती. तेव्हा मॉरिसननेही आपल्या खेळण्याला त्या यानाचेच नाव दिले. १९५७ साली व्हॅम-ओ नावाच्या कंपनीने हे खेळणे विकत घेतले आणि त्याचे ‘फ्रिसबी’ असे नामकरण केले.

खेळण्याचा खेळ होण्यास आणखी अकरा वर्षे लागली. न्यू जर्सी राज्यातील मेपलवुड गावच्या कोलंबिया हायस्कूलमध्ये १९६८ साली काही विद्यार्थ्यांनी तबकडी घेऊन दोन संघांत सामना खेळण्यास आरंभ केला. एका बाजूस शाळेच्या वृत्तपत्राचे संपादक मंडळ, तर दुसऱ्या बाजूस विद्यार्थी मंडळ. क्रीडांगण कोणते, तर शाळेतील मोटारी उभ्या करण्याची जागा! या खेळाला त्यांनी ‘अल्टिमेट’ हे नाव दिले. अल्टिमेट म्हणजे अखेरचा, सर्वांहून वरचढ. मुलांनी आपल्या खेळाला असे नाव द्यावे, यात थोडी बढाई आहे खरी. पण त्या वयात ती शोभून दिसते. आज हा खेळ अनेक देशांत खेळला जातो. आपल्या देशात चेन्नईच्या वाळूवर, बंगळूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे या शहरांतील मैदानांवर मुलगे आणि मुली एकाच संघात खेळताना दिसतात.

या खेळाचे साहित्य किती थोडे! सुमारे २७ सेंटिमीटर व्यासाची आणि १७५ ग्रॅम वजनाची एक तबकडी, एवढे असले की पुरे. परंतु ती हातात घेऊन प्रथमच फेकणाऱ्याची फजिती ठरलेली. चेंडू कसाही फेकला तरी पुढे जातो. तबकडी मात्र कधी कलंडून जमिनीवर घरंगळते, तर कधी डोक्यावरून मागेच परतते. असे का होते, हे कळले म्हणजे अर्धा सराव झालाच म्हणून समजावे.

तुम्ही भोवरा फिरवला आहे. जाळीतून सुटलेला भोवरा वेगाने फिरत असतो, तोवर आपल्या आरेवर ताठ उभा राहतो. वेग मंदावला, की तो डुलू लागतो आणि शेवटी कलंडतो. तबकडी हा हवेतला आडवा भोवराच होय. तिची वरची बाजू किंचित फुगीर असते. ती पुढे जाऊ लागली, की हवा तिला खालून उचलून धरते. परंतु हवेच्या या रेट्याने ती उलटीपालटी होऊ नये, यासाठी तिला गरगर फिरत राहावे लागते. तबकडीच्या कडेशी अधिक वजन असते, ते यासाठीच. जड कडेमुळे तिचे फिरणे अधिक काळ टिकते. म्हणून तबकडी फेकताना बळ दंडाचे नव्हे, तर झटका मनगटाचा हवा. नवशिके खेळाडू दात-ओठ खाऊन हात झोकतात, आणि तबकडी डुलत डुलत चार पावलांवर पडते. शेजारी उभी असलेली एखादी लहानखुरी मुलगी मात्र मनगट हलकेच उडवते आणि तिची तबकडी मैदान ओलांडून जाते.

हा झटका घरीच शिकता येतो. गादी भिंतीला टेकवून उभी करावी, अथवा वाळत घालण्याच्या दोरीवर जाड चादर सोडावी, आणि पाच-सहा पावलांवरून तबकडी तिच्यावर सोडावी. (आईला आधी विचारावे, आणि जवळची काचेची भांडी हलवावीत, हे सांगणे नकोच.) प्रथम उलट्या हाताची फेक, म्हणजे बॅकहँड घ्यावी. अंगठा तबकडीच्या वर, चारही बोटे खाली कडेच्या आत मुडपलेली. उजव्या हाताने फेकणाऱ्याने उजवा खांदा लक्ष्याकडे करावा, मनगट आत वळवावे आणि ओला हात झटकावा तसे ते पुढे झटकावे. पत्ते वाटताना आपण पान सरकवतो, त्याच जातीची ही हालचाल आहे.

सुलट्या हाताची फेक, म्हणजे फोरहँड, याहून अवघड. तिच्यात मधले बोट कडेच्या आतील बाजूस दाबून धरावयाचे, तर्जनी त्याच्या जोडीला ठेवावयाची आणि अंगठ्याने वरून पकड घ्यावयाची. कोपर कमरेजवळ, तळवा आकाशाकडे. येथे बहुतेकांची एक चूक होते. फेकता फेकता ते तळवा पालथा करतात. मग तबकडीची बाहेरची कड वर उचलली जाते आणि ती विरुद्ध बाजूस गोता खाते. यावर एक साधा उपाय आहे. डाव्या हाताने उजव्या हाताचा पुढचा भाग घट्ट धरून ठेवावा आणि केवळ मनगटाने तबकडी सोडावी. आरंभी ती तीन हातांवर पडेल. पडू द्यावी. ती किती दूर गेली हे पाहू नये, ती न डुलता गेली की नाही हे पाहावे. रोज अशा पन्नास फेकी केल्या, तर पंधरा दिवसांत मनगटाला ती गोष्ट पाठ होते. आणि पाठांतराप्रमाणेच येथेही आठवड्याचा सराव एका दिवशी उरकून भागत नाही.

आणखी एक गोष्ट घरी समजून घेण्याजोगी आहे. तबकडी ज्या बाजूस कललेली असेल, त्या बाजूस ती वळते. डावी कड खाली ठेवून सोडली तर डावीकडे, उजवी खाली ठेवली तर उजवीकडे. ही वाकडी चाल म्हणजे दोष नव्हे. समोर आडवा उभा असलेला प्रतिस्पर्धी चुकवून मागच्या सोबत्यापर्यंत पोहोचावयाचे असेल, तर तीच उपयोगी पडते.

परंतु भिंत तबकडी झेलत नाही. फेक चांगली होती की वाईट, याचा निकाल पलीकडच्या हातात होतो. म्हणून आता सोबती हवा. दोघांनी प्रथम दहा पावलांवर उभे राहावे. झेल घेण्याची सर्वांत खात्रीची रीत म्हणजे झांजा वाजवल्याप्रमाणे एक तळवा वरून आणि एक खालून तबकडीवर मिटावयाचा. तबकडी डोक्यावरून येत असेल, तर कड दोन्ही हातांनी पकडावी, बोटे वर व अंगठे खाली. गुडघ्याखाली येत असेल, तर याच्या नेमके उलट. आणि डोळे शेवटपर्यंत तबकडीवर असू द्यावेत. हाती येण्याच्या निमिषभर आधी पुढे कोठे फेकावे म्हणून मान वळते, आणि झेल सुटतो. झेल सुटण्याची इतर कारणे फार थोडी आहेत.

दहा पावलांवर हात बसला, की अंतर वाढवावे. मग वाऱ्याशी ओळख होते. समोरून वारा असेल, तर तबकडी वर चढते. पाठीमागून असेल, तर खाली दबते. दोन्ही वेळी जोर वाढवण्याचा मोह होतो, आणि दोन्ही वेळी खरे काम मनगटाचेच असते. पुढे उभ्या सोबत्याऐवजी धावणाऱ्या सोबत्यास तबकडी द्यावी. तो आहे तेथे फेकली, तर ती त्याच्या पाठीमागे पडणार. तो जेथे पोहोचेल, तेथे ती पोहोचली पाहिजे. यासाठी सोबत्याची चाल, त्याचा दम, कोणत्या बाजूस वळताना तो अडखळतो, हे सारे ठाऊक असावे लागते. आणि ते पुस्तकात सापडत नाही.

तिसरा गडी मिळाला, तर सरावाला सामन्याची चव येते. एकाने फेकावयाचे, एकाने झेलावयाचे आणि एकाने फेकणाऱ्यापुढे हात पसरून त्याला अडवावयाचे. तबकडी हाती असताना धावण्यास या खेळात मनाई आहे. एक पाय जागी रोवून दुसरा हवा तिकडे टाकता येतो, इतकीच मोकळीक. अडवणारा मोठ्याने सेकंद मोजत असतो, आणि त्याच्या तोंडून ‘दहा’ हा शब्द निघू लागण्यापूर्वी तबकडी सुटली नाही, तर ती प्रतिपक्षाकडे जाते. खोखोत पाठलाग करणाऱ्याला हुलकावणी देणाऱ्यास येथे फारसे नवे शिकावे लागत नाही: डावीकडे झुकल्याचे दाखवावे आणि अडवणाऱ्याचे हात तिकडे गेले, की उजवीकडून फेकावे. फेकून झाले, की फेकणाऱ्याने धावत जाऊन झेलणाऱ्यास अडवावे, आणि चक्र पुन्हा चालू व्हावे. दहा मिनिटांत तिघेही घामाघूम होतात.

मोठ्या सामन्यात प्रत्येक बाजूस सात खेळाडू असतात. मैदान १०० मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद; त्याच्या दोन्ही टोकांस १८ मीटरांचे एकेक अंत्यक्षेत्र आखलेले असते. प्रतिपक्षाच्या अंत्यक्षेत्रात आपल्या गड्याने तबकडी झेलली, की एक गुण. तबकडी जमिनीवर पडली, बाहेर गेली किंवा मध्येच अडवली गेली, की ती प्रतिपक्षाची. अंगाशी झटापट चालत नाही.

एवढे वाचल्यावर कोणीही विचारील, की या साऱ्यावर लक्ष ठेवणारा पंच कोठे उभा राहतो? तो उभा राहतच नाही. अमेरिकेतील व्यावसायिक सामन्यांत पंच असतात. परंतु जागतिक अजिंक्यपदाच्या सामन्यांतदेखील खेळाडू आपले निर्णय आपणच करतात. धक्का लागला, असे ज्याला वाटले, त्याने तसे सांगावयाचे. समोरच्याला ते मान्य नसेल, तर दोघांनी थोडक्यात आपापली बाजू मांडावयाची. एकमत झालेच नाही, तर तबकडी फेकणाऱ्याकडे परत जाते आणि तो प्रसंग पुन्हा खेळला जातो. सामना संपल्यावर दोन्ही संघ परस्परांत मिसळून एका वर्तुळात उभे राहतात. नियमांचे ज्ञान, शरीरस्पर्श टाळणे, न्यायबुद्धी, मनाचा तोल आणि बोलण्याची रीत अशा पाच बाबींत प्रत्येक संघ दुसऱ्यास शून्य ते चार गुण देतो.

प्रथम ऐकताना हे मलाही भाबडेपणाचे वाटले होते. खोखो आणि हुतूतूच्या मैदानावर पंचाशी हुज्जत घालीत मी लहानाचा मोठा झालो. ‘पंच नाही’ म्हणजे ‘भांडणाला अंत नाही’ असेच माझ्या मनाने घेतले. पुढे एका सायंकाळी शाळेच्या मैदानावर आठवीतील दोन मुलींचा सराव पाहत उभा होतो. न सोडता सलग शंभर झेल घेण्याचा त्यांनी चंग बांधला होता. आठ दिवस त्या प्रयत्न करीत होत्या, आणि साठीच्या पुढे गाडी कधी गेली नव्हती. त्या दिवशी हात असे काही जुळले होते, की ऐंशी झाले, नव्वद झाले. बाकीच्या मुली आपापला खेळ थांबवून भोवती जमल्या आणि एका सुरात मोजू लागल्या.

सत्त्याण्णवावी तबकडी वाऱ्याने दबली. धाकटीने धाव घेतली, गुडघ्यांवर घसरत हात पुढे घातले, आणि तबकडी उंच धरून ती उभी राहिली. सगळ्यांनी “सत्त्याण्णव!” म्हणून गलका केला.

“नाही गं,” ती म्हणाली. “जमिनीला लागली.”

“कुठे लागली? मला तर नाही दिसली.”

“तुला नाही दिसणार. आधी टेकली, मग माझ्या हातात आली. बोटांना माती लागली बघ.”

पलीकडच्या मुलीच्या चेहऱ्यावर राग होता, यात शंका नाही. ती क्षणभर काहीच बोलली नाही. भोवतालच्या मुलीही गप्प झाल्या. सूर्य झाडांआड उतरला होता आणि तबकडी दिसण्यापुरता उजेड आता फार तर पाव तास राहणार होता. मग तिने ओढणी कमरेशी घट्ट खोचली, पाय रोवला आणि दोन्ही हात पुढे केले.

“टाक,” ती म्हणाली. “एक.”