गाडीचा लगाम

दिवाळीची सुट्टी लागली होती. भाऊबीजेला बाबा आम्हा सर्वांना घेऊन नाशिकहून मुंबईला आत्याकडे जाणार होते. पण गेले काही दिवस बाबांनी ब्रेक दाबला, की गाडीचे सुकाणूचक्र थरथरू लागे. आजोबा मागच्या आसनावरून हे निमूटपणे पाहत असत. त्यांची सारी नोकरी एस. टी.च्या कार्यशाळेत झाली होती. एके सकाळी ते बाबांना म्हणाले, "पुढच्या चाकांच्या चकत्या तपासल्याखेरीज ही गाडी कसाऱ्याच्या घाटात न्यायची नाही."

"चकत्या म्हणजे काय हो, आजोबा?" मी विचारले.

"तुझ्या सायकलीचा ब्रेक आठव. ब्रेक दाबलास, की रबराचे दोन ठोकळे चाकाची कड दोन्ही बाजूंनी धरतात. मोटारीत चाकाबरोबर फिरणारी बिडाची एक जाड चकती असते. तिला दोन्ही बाजूंनी पॅड आवळतात. ते पॅड ज्यात बसतात, त्याला कॅलिपर म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर या अभियंत्याने १९०२ साली अशा ब्रेकचे एकस्व घेतले होते. पुढे १९५३ साली फ्रान्समध्ये ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत चकतीचे ब्रेक असलेली जॅग्वार गाडी पहिली आली, तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष तिकडे गेले."

"पण पुढच्याच चकत्या का बदलायच्या?"

"बस एकदम थांबली, की उभे असलेले लोक कुठे कलतात? पुढे. गाडीचा भारही तसाच पुढच्या चाकांवर येतो. म्हणून थांबवण्याचे अधिक काम पुढच्या ब्रेकना करावे लागते आणि ते लवकर झिजतात."

अंगणातील सपाट फरशीवर गाडी उभी करून बाबांनी हातब्रेक ओढला. मागच्या चाकांना पुढूनमागून दगड लावले. गाडी जमिनीवर असतानाच चाकांचे नट थोडे सैल केले आणि मग जॅक लावून ती उचलली. मी लगेच खाली वाकून पाहू लागले, तोच आजोबांनी माझा हात धरून मला मागे ओढले. "थांब! जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, विसंबण्यासाठी नव्हे." दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावून गाडीचा भार त्यांवर टेकवल्यावरच त्यांनी मला जवळ येऊ दिले.

चाक निघाले. चकतीच्या कडेवर किमान जाडी २० मिलिमीटर अशी कोरलेली होती. आजोबांनी मायक्रोमीटर लावला. एके जागी जाडी १९.७ मिलिमीटर भरली, तर दुसऱ्या जागी १९.६. वहीच्या एका पानाएवढा हा फरक. पण त्यानेच चक्र थरथरत होते! आता दोन्ही बाजूंच्या चकत्या बदलणेच भाग होते. "एक नवी आणि एक जुनी ठेवली, तर दोन्ही चाके सारखी पकड घेणार नाहीत, गाडी एका बाजूला ओढली जाईल," आजोबा म्हणाले.

बाबांनी कॅलिपर काढला. तो नळीवर लोंबकळू नये म्हणून आजोबांनी तारेने वर बांधून ठेवला. मी काळी भुकटी फुंकरीने उडवणार, एवढ्यात त्यांनी मला ओले फडके दिले. "ती धूळ छातीत जाऊ द्यायची नसते." मग चकती ज्यावर बसते तेथील गंज तारेच्या ब्रशाने खरवडून काढला. तेथे गंजाचा कण जरी राहिला, तरी नवी चकती तिरपी बसते. नव्या चकतीवर गंज चढू नये म्हणून तेलकट थर दिलेला असतो. तोही पुसून काढला. माझे तेलकट बोट चकतीला लागले, तेव्हा आजोबांनी ती पुन्हा पुसायला लावली.

नवे पॅड जुन्यांहून जाड होते. त्यांना जागा व्हावी म्हणून बाबांनी कॅलिपरचा दट्ट्या हळूहळू मागे ढकलला. सारे जोडून झाल्यावर चाकांचे नट क्रमाने न आवळता समोरासमोरचे आवळले. शेवटी गाडी खाली उतरवून टॉर्क पान्याने पुस्तिकेत सांगितल्याइतके घट्ट केले.

दुपार कलली होती. फाटकापुढील रस्ता उताराचा आहे. बाबा गाडीत बसून म्हणाले, "अण्णा, कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारून येतो."

आजोबांनी हात वर केला. "किल्ली फिरवू नकोस. आधी ब्रेक दाब."

बाबांनी पाय ठेवला आणि पेडल थेट तळाला गेले! बाबांचा चेहरा उतरला. आई ओटीवर उभी होती. तीही काही बोलली नाही.

"घाबरू नकोस, पुन्हा दाब," आजोबा शांतपणे म्हणाले. दुसऱ्यांदा पेडल थोडे वर थांबले. चारपाच वेळा दाबल्यावर ते दगडासारखे घट्ट झाले. "आपण दट्ट्या मागे ढकलला होता. तो पुढे येऊन पॅड चकतीला भिडेपर्यंत गाडीला ब्रेकच नसतो. आठ तास चोख काम करून हे एक मिनिट विसरले, तर सारे व्यर्थ." मग त्यांनी ब्रेकच्या तेलाची पातळी पाहिली. पुढले दोन दिवस बाबा मोकळ्या रस्त्यावर हलकेच ब्रेक लावीत गाडी चालवत होते. नवे पॅड आणि चकत्या एकमेकींना नीट लागाव्यात म्हणून.

भाऊबीजेच्या पहाटे आम्ही घाट उतरू लागलो. बाबांनी गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली होती. आजोबांनी मला सांगितले होते, की १००० किलोची गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगावरून एकदा थांबवली, तर अर्धा लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता निर्माण होते. म्हणून लांब उतारावर सारा भार ब्रेकवर टाकायचा नसतो.

पहिले वळण आले. बाबांनी ब्रेक दाबला. चक्र जराही थरथरले नाही. मी आनंदाने आजोबांना सांगण्यासाठी मागे वळले. पण त्यांना गाढ झोप लागली होती.

अभ्यास
१. आजोबांनी दोन्ही बाजूंच्या चकत्या एकदम का बदलायला लावल्या?
२. पहिल्यांदा दाबल्यावर पेडल तळाला का गेले?
३. घाटात आजोबांना लागलेल्या झोपेवरून तुम्हांला काय समजते, ते चारपाच वाक्यांत लिहा.